दोनशे वर्षांपूर्वीची अमेरिकी मतमोजणी, गावनिहाय आणि विनामूल्य : 'अ न्यू नेशन व्होट्स' या संग्रहाचे परीक्षण

अमेरिकेत ज्या काळात निवडणूक आयोग नव्हता, सरकारने छापलेली मतपत्रिका नव्हती आणि देशभर एकाच दिवशी मतदान घेण्याचा कायदाही नव्हता, त्या काळातले निकाल गावागावांच्या आकड्यांसह पाहायचे असतील, तर 'अ न्यू नेशन व्होट्स' या संग्रहाच्या तोडीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी ही संस्था आणि टफ्ट्स विद्यापीठ यांनी मिळून तो इंटरनेटवर खुला केला आहे. १७८७ ते १८२५ या वर्षांतील अध्यक्षपदापासून स्थानिक पदांपर्यंतच्या निवडणुकांचे निकाल त्यात आहेत. त्यासाठी कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही. नाशिकमध्ये महसूल खात्यात नोकरी करताना मतमोजणीच्या टेबलावर काम करण्याचा योग मला अनेक निवडणुकांत आला. त्यामुळे या संग्रहाकडे मी इतिहासाचा अभ्यासक म्हणून पाहण्यापेक्षा आकडा कागदावर कसा उतरतो हे जवळून पाहिलेला माणूस म्हणून पाहतो, आणि माझे मत याच बाजूने वाचावे.

वर्ष, राज्य, पद किंवा उमेदवाराचे नाव यांवरून शोध घेता येतो. एखादी निवडणूक उघडली की वरच्या ओळीत उमेदवारांची नावे आणि माहीत असेल तेथे त्यांचा पक्ष दिसतो, खाली काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्यातील आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मते येतात आणि जेथे माहिती टिकून राहिली आहे तेथे काउंटीच्या पोटात गावांचे आकडे येतात. तक्त्याखाली टिपा असतात आणि त्यांच्याही खाली, हा आकडा कोणत्या वर्तमानपत्राच्या कोणत्या तारखेच्या अंकातून किंवा कोणत्या दप्तरातून घेतला, त्याचा उल्लेख असतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच शेवटची ओळ. बेरीज कितीही नेटकी असली, तरी ती कोणी, कोठून आणि कशावरून केली हे सांगितलेले नसेल, तर मतमोजणीच्या कामात तिला काडीचीही किंमत नसते.

या संग्रहामागे प्रामुख्याने एका माणसाचे आयुष्य आहे. फिलिप लॅम्पी यांनी १९६० च्या आसपास, अगदी तरुण वयात, जुन्या वर्तमानपत्रांतून निवडणुकांचे आकडे हाताने उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशके ते काम सोडले नाही. दिवस ग्रंथालयांसाठी मोकळा मिळावा म्हणून त्यांनी काही काळ रात्रपाळीची पहारेकऱ्याची नोकरीही केली. त्यांच्या हस्ताक्षरातील कागदांच्या प्रतिमा संग्रहात पाहता येतात. आखलेले रकाने, त्यांत भरलेले आकडे आणि कडेला केलेल्या नोंदी पाहिल्या की छापील तक्ता कोठून आला हे डोळ्यांना दिसते. अशा चिकाटीला दाद द्यायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. १८१२ मध्ये मुद्रक आयझेया टॉमस यांनी स्थापन केलेल्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीकडे जुन्या अमेरिकी वर्तमानपत्रांचा प्रचंड साठा आहे, म्हणूनच हे काम शक्य झाले. त्या काळात निकालांची एकत्र सरकारी नोंद ठेवणारे केंद्रीय कार्यालयच नव्हते आणि राज्यांची दप्तरे ठिकठिकाणी अपुरी राहिली आहेत.

संग्रह समजून घ्यायचा तर मते मोजण्याची तेव्हाची रीत माहीत असावी लागते, आणि ती राज्याराज्यांत वेगळी होती. मॅसॅच्युसेट्समध्ये गावाची सभा भरे, गावाने निवडलेले कारभारी मतदारांकडून चिठ्ठ्या घेत, त्या सर्वांसमक्ष वेगळ्या करून मोजल्या जात, गावाचा कारकून नावे आणि मते वहीत लिही आणि त्याची मोहोरबंद प्रत राज्याच्या सचिवाकडे जाई. तेथे विजयासाठी निम्म्याहून अधिक मते लागत. तेवढी कोणालाच मिळाली नाहीत, तर मतदान पुन्हा घेतले जाई आणि काही मतदारसंघांत ते अनेकदा घ्यावे लागले. संग्रहातील तक्त्यांत शेवटी येणारा 'इतर विखुरलेली मते' हा रकाना आपण सहज नजरेआड करतो. पण मॅसॅच्युसेट्सच्या बाबतीत तोच रकाना निर्णायक ठरू शके, कारण कोणाच्या तरी शेजाऱ्याच्या नावाने पडलेल्या मूठभर चिठ्ठ्याही पुढे असलेल्या उमेदवाराला निम्म्याच्या खाली रोखून धरू शकत.

व्हर्जिनियात चिठ्ठीच नव्हती. मतदार काउंटीच्या न्यायालयात येई, शेरीफ हा काउंटीचा अधिकारी त्याला विचारी आणि तो सर्वांच्या देखत आपल्या उमेदवाराचे नाव घेई. कारकून ते नोंदवहीत मांडी आणि तेथेच बसलेला उमेदवार अनेकदा त्या मतदाराचे आभार मानी. पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल १७९९ मध्ये रिचमंडच्या मतदारसंघातून याच पद्धतीने प्रतिनिधीगृहावर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर, निवडून आले. या पद्धतीत मोजणी चालू असताना प्रत्येकाला बेरीज कळत असे आणि गुप्तता अजिबात नव्हती. न्यू जर्सीत मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या, मुख्यतः अविवाहित आणि विधवा, स्त्रिया १८०७ पर्यंत मत देत होत्या, नंतर कायद्याने त्यांचा हक्क काढून घेतला. हे सारे समजून घेतल्यावर संग्रहातील एकसारखे दिसणारे तक्ते एकसारखे राहत नाहीत. एका तक्त्यातील आकडा म्हणजे सभेत मोजलेल्या चिठ्ठ्या असतात, तर दुसऱ्यातील आकडा म्हणजे भर न्यायालयात उच्चारलेली नावे असतात.

मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते न्यूयॉर्क राज्याच्या निकालांनी. तेथे मतदार चिठ्ठीवर नाव देई, गावातील निरीक्षक मोजणी करून निवेदन तयार करीत, ते काउंटीच्या कारकुनामार्फत राज्याच्या राजधानीत जाई आणि तेथील मंडळ आलेल्या कागदावर जे लिहिलेले असेल त्याचीच बेरीज करी. म्हणजे गावात मोजणी अचूक झाली, तरी नक्कल करताना एक अक्षर चुकले की मते दुसऱ्याच, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या माणसाच्या नावावर जात. डिसेंबर १८१२ च्या निवडणुकीत आयझॅक विल्यम्स ज्युनियर यांच्या काही मतांपुढचे 'ज्युनियर' निवेदनांतून गळाले. त्यामुळे जॉन बॉवर्स यांना विजयाचे प्रमाणपत्र मिळाले आणि ते प्रतिनिधीगृहात जाऊन बसले. पुढे वर्षभराने, २० डिसेंबर १८१३ रोजी, सभागृहाने ती जागा विल्यम्स यांना दिली. एप्रिल १८१४ च्या निवडणुकीत इरॅस्टस रूट यांचे आडनाव काही कागदांवर 'रॉट' असे उतरले, म्हणून जॉन अ‍ॅडम्स निवडून आल्याचे जाहीर झाले. हे अ‍ॅडम्स माजी अध्यक्षांचे केवळ नामसाधर्म्य असलेले न्यूयॉर्कचे गृहस्थ होते. रूट यांना जागा मिळाली ती २६ डिसेंबर १८१५ रोजी. त्याच महिन्यात वेस्टेल विलोबी ज्युनियर यांनाही जवळजवळ अशाच कारणाने न्याय मिळाला. १८२१ मध्ये तर न्यूयॉर्क शहराचे महापौर राहिलेले कॅडवॉलडर कोल्डन यांची काही मते 'कोल्डर' या नावाने पोहोचली आणि प्रमाणपत्र पीटर शार्प यांच्या हाती गेले. तेही सभागृहाने १२ डिसेंबर १८२१ रोजी दुरुस्त केले.

आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा निवाडा सभागृहानेच करायचा, अशी अमेरिकी राज्यघटनेची तरतूद आहे आणि ती येथे कामी आली. मतदाराने कोणाला मत दिले हे पाहायचे, कारकुनाने काय लिहिले एवढ्यावर थांबायचे नाही, अशी भूमिका सभागृहाने या प्रकरणांत घेतली आणि ती मला पूर्णपणे योग्य वाटते. अशा प्रकरणांच्या अभ्यासासाठी या संग्रहाची रचना अत्यंत उपयोगी आहे. संपादकांनी तक्ते घासूनपुसून गुळगुळीत केलेले नाहीत. नावांचे पाठभेद, न जुळणाऱ्या बेरजा, उशिरा आलेल्या किंवा रद्द ठरलेल्या गावांचे उल्लेख टिपांमध्ये आढळतात. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. जुन्या निकालांची पुस्तके विजयी उमेदवार आणि मताधिक्य सांगून मोकळी होतात, तर येथे त्या मताधिक्यापर्यंत पोहोचताना कोणता कागद कोठे अडखळला हेही वाचकाला तपासता येते.

नाशिकच्या वाचकाला हे विशेष भिडावे असे मला वाटते, कारण भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिका आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. एक रुपयाच्या नोटेएवढ्या आकाराच्या त्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नावच नव्हते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह होते. न्यूयॉर्कचे कारकून ज्या अक्षरांवर अडखळले, त्या अक्षरांची गरजच आपल्या व्यवस्थेने पहिल्या दिवशी काढून टाकली होती, हे मला 'रूट' आणि 'रॉट' वाचताना प्रथमच इतक्या ठळकपणे जाणवले. अमेरिकेत सरकारने छापलेली, गुप्त मतदानाची मतपत्रिका १८८८ पासून पुढे रुजली. त्याआधी मतदार स्वतः लिहिलेली किंवा पक्षाने छापून दिलेली चिठ्ठी टाकत असत.

आपल्याकडे मतपत्रिका हाताने मोजण्याच्या काळात अनेकदा निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळल्या जात, नंतर उमेदवारनिहाय वेगळ्या करून त्यांचे पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधले जात आणि शंकास्पद मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जात. कोणत्या वस्तीने कोणाला मते दिली हे उघड होऊ नये, हा मिसळण्यामागचा हेतू होता. यंत्रे आल्यावर नमुना २० मध्ये, म्हणजे मतदारसंघाच्या अंतिम निकालपत्रकात, केंद्रनिहाय मते पुन्हा दिसू लागली. टेबलावर बसलेल्या माणसाला या दोन्ही बाजू ठाऊक असतात. गावनिहाय आकडा उघड असला की बेरीज कोणालाही तपासता येते, परंतु लहान गावाचा कल सर्वांना कळतो. अमेरिकेतील तेव्हाच्या एखाद्या गावात एका उमेदवाराला सर्व मते आणि दुसऱ्याला एकही नाही असा आकडा दिसला की मी थांबून विचार करतो, कारण त्या एका ओळीत गावाची एकजूट असू शकते आणि दडपणही असू शकते. त्यांपैकी नेमके काय, हे तक्ता सांगत नाही आणि तसा दावाही करीत नाही.

मर्यादा आहेत, आणि त्या वापरण्यापूर्वी ध्यानात घ्याव्यात. सर्वांत मोठी मर्यादा अशी की तक्त्यांत पडलेली मते असतात, मतदानास पात्र असलेल्यांची संख्या नसते. म्हणून मतदानाची टक्केवारी काढायची असेल, तर जनगणना आणि त्या त्या राज्यातील मालमत्तेच्या अटी यांचा आधार स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. अभ्यासकांनी तो घेतला आहे आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मोठ्या प्रमाणावरील मतदान १८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्या निवडणुकीपासून सुरू झाले असे पूर्वी सरसकट मानले जाई, परंतु या आकड्यांच्या आधारे १८०८ ते १८१४ या वर्षांत काही राज्यांत पात्र मतदारांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोक मत देत होते असे दिसून आले. दुसरी मर्यादा म्हणजे अनेक निवडणुकांचे गावनिहाय आकडे मुळातच टिकलेले नाहीत, तेथे काउंटीची एकूण बेरीज किंवा केवळ विजयी उमेदवाराचे नाव यावर समाधान मानावे लागते. शिवाय त्या काळातील वर्तमानपत्रे उघडपणे पक्षांची होती, त्यामुळे एकाच गावाचे दोन वर्तमानपत्रांतील आकडे वेगळे असू शकतात. म्हणूनच आकड्यासोबत त्याचा आधारही उतरवून घ्यावा.

निवडणुकांच्या तारखांविषयीही नव्या वाचकाने सावध असावे. राज्ये आपापल्या सोयीने मतदान घेत, म्हणून एकाच काँग्रेसच्या (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, तिच्या दर दोन वर्षांच्या कार्यकाळाला क्रमांक असतो) निवडणुका वर्षभराहून अधिक काळ पसरलेल्या दिसतात. प्रतिनिधीगृहासाठी देशभर एक दिवस ठरवणारा कायदा १८७२ मध्ये झाला. काही राज्यांत संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ असे आणि प्रत्येक मतदार जितक्या जागा तितकी नावे देई, अशा ठिकाणी मतांची एकूण संख्या मतदारांच्या संख्येच्या कित्येक पट दिसते आणि नवखा वाचक गोंधळतो. एकसदस्यीय मतदारसंघांची सक्ती १८४२ च्या कायद्याने आली.

तक्त्यांपेक्षा नकाशा ज्यांना सोपा वाटतो, त्यांच्यासाठी जॉर्ज मेसन विद्यापीठातील रॉय रोझेनझ्वाइग केंद्राने याच आकड्यांवरून 'मॅपिंग अर्ली अमेरिकन इलेक्शन्स' हा उपक्रम तयार केला आहे. पहिल्या ते एकोणिसाव्या काँग्रेसच्या निवडणुकांचे काउंटीनिहाय नकाशे त्यात मिळतात आणि तेही विनामूल्य. मात्र नकाशे काउंटीच्या पातळीवर थांबतात, गावाचा आकडा पाहण्यासाठी मूळ संग्रहाकडेच परतावे लागते. नाशिकमध्ये राज्यशास्त्र किंवा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मी असे सुचवीन की त्यांनी आधी नकाशावर न्यूयॉर्क राज्याची १८१४ ची निवडणूक पाहावी, नंतर संग्रहात तीच निवडणूक उघडून टिपांसह वाचावी आणि सोबत आपल्या विधानसभा मतदारसंघाचा नमुना २० ठेवावा. इंग्रजी बेताचे असले तरी अडचण येऊ नये, कारण तक्त्यांत बहुतांश नावे आणि आकडेच आहेत. टिपांची भाषा मात्र शब्दकोश जवळ ठेवून सावकाश वाचावी लागेल.