रिसॉर्टच्या हॉलमध्ये दोन तास, सदस्यत्व पंचवीस वर्षांचं

दक्षिण गोव्यातल्या एका भल्यामोठ्या रिसॉर्टमध्ये आम्ही दिवाळीनंतर सुट्टीला गेलो होतो. रीतसर बुकिंग करून, पूर्ण पैसे भरून. तिथून कोल्हापूरला परत निघालो तेव्हा आमच्या नावावर पंचवीस वर्षांचं ‘हॉलिडे सदस्यत्व’ (म्हणजे टाइमशेअर: एकदाच मोठी रक्कम भरून दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क) होतं आणि क्रेडिट कार्डावर करांसह २ लाख ७५ हजारांचा बोजा. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे, आणि ही पद्धत काही एकाच कंपनीची नाही.

आधी रिसॉर्टबद्दल सांगते, कारण लोक तेच विचारतात. जागा वाईट नाही. खोल्या स्वच्छ, गाद्या छान, बाग राखलेली. काम करणारी पोरं बहुतेक ओडिशा-झारखंडकडची, अतिशय नम्र. मुलं तर तलावातून बाहेर यायला तयार नव्हती. पण एवढ्या मोठ्या ठिकाणी राहण्याचे काही चटके असतात, ते फोटोत दिसत नाहीत. खोलीपासून जेवणघरापर्यंत जायला बग्गीची वाट बघत उभं राहायचं. सकाळच्या नाश्त्याला लग्नातल्या दुसऱ्या पंगतीसारखी झुंबड. गोव्यात येऊन माशाचं कालवण मिळतं ते अख्ख्या देशाला चालेल असं, ना तिखट ना आंबट, त्रिफळाचा तर वासही नाही. गेटबाहेर चालत जाण्यासारखं काही नाही, त्यामुळे चहासुद्धा आतल्याच दराने. जेवणाच्या बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेलं होतं. असं आपोआप लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. काउंटरवर एवढं बोलल्यावर त्यांनी एक शब्द न बोलता ते काढून टाकलं. म्हणजे माहीत सगळं असतं.

हे सगळं चालवून घेण्यासारखं आहे. खरा प्रकार वेगळाच.

चाव्या हातात पडायच्या आधीच एक हसतमुख मुलगी आली. “सर-मॅडम, किनाऱ्यावर एका रात्रीचं जेवण आमच्याकडून. फक्त उद्या सकाळी तासभर आमची माहिती ऐकायची. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.” मग सहज विचारल्यासारखे प्रश्न. दोघंही नोकरी करता का, वय काय, घर स्वतःचं की भाड्याचं, क्रेडिट कार्ड कुठल्या बँकेचं. येताना ते कार्ड जवळ ठेवा, ओळख म्हणून लागतं. आणि नवरा-बायको दोघांनीही यायचं, ही अट. एकटा माणूस “घरी विचारून सांगतो” म्हणून उठू शकतो. दोघं समोर असली की ती वाट बंद.

दुसऱ्या दिवशी मुलांना खेळघरात नेलं आणि आम्हाला हॉलमध्ये. वीसेक टेबलं, मोठ्याने लावलेली गाणी. आमच्या टेबलावर आलेल्या तरुणाने आडनाव ऐकताच मराठी सुरू केलं: “ताई, मी पण तुमच्याच बाजूचा, साताऱ्याचा.” पहिला अर्धा तास विक्रीचा शब्दही नाही. लग्नाला किती वर्षं झाली, हनिमूनला कुठे गेला होता, आई-बाबांना कधी समुद्र दाखवलात का. बोलता बोलता आमच्याच तोंडून वर्षाचा फिरण्याचा खर्च काढून घेतला, कोऱ्या कागदावर ठळक लिहिला, पंचवीसने गुणला, वर महागाई चढवली. कागदावर असा काही आकडा उभा राहिला की पुढचं काहीही त्याच्यापुढे स्वस्तच वाटावं. मधूनच कुठल्या तरी टेबलावर सही व्हायची, गाणं थांबायचं, माईकवरून कुटुंबाचं नाव पुकारलं जायचं आणि टाळ्या.

किंमत सुरू झाली सात लाखांवरून. आम्ही नको म्हटल्यावर ‘मॅनेजर’ आले, साडेचार केले. तरी नको. मग तिसरे एक गृहस्थ आले, फाइल उघडली आणि म्हणाले, एका कुटुंबाने आजच सदस्यत्व रद्द केलंय, तेच तुम्हाला पावणेतीनमध्ये देतो, पण या हॉलबाहेर पडलात की हा दर संपला. जेवणाची वेळ टळलेली, मुलं भुकेली, कूपन मात्र माहिती ‘पूर्ण’ झाल्याशिवाय मिळत नाही. एक तासाचे दोन तास कधीच होऊन गेले होते.

तोंडी मिळालेली आश्वासनं अशी. वर्षाला सात रात्री, हव्या त्या सुट्टीत, देशात कुठेही. परदेशातही अदलाबदल होते. एखाद्या वर्षी नाही गेलात तर आम्हीच ती खोली भाड्याने देऊन पैसे तुम्हाला देऊ. कधीही विका, किंमत वाढतच जाते. आणि हा खासगी किनारा तुमचाच समजा. हे शेवटचं तर निव्वळ थाप होती. गोव्यात किनाऱ्याची वाळू कुणा हॉटेलच्या मालकीची नसते. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या खटल्यात हॉटेलने लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडवायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं. तुम्ही फोंड्याहून एसटीने या नाहीतर पाच लाख भरून या, वाळू तीच.

आता हिशेब. त्यांचा असा होता: पावणेतीन लाख भागिले पंचवीस म्हणजे वर्षाला ११ हजार, भागिले सात म्हणजे रात्रीला जेमतेम १,५७१ रुपये. एवढ्यात लॉज तरी मिळतं का, असा सवाल. आता माझा हिशेब बघा. दरवर्षी देखभाल शुल्क १६,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १९,४७०. हे जा अगर नका जाऊ, भरायचंच, आणि ते वाढवायचा अधिकार कंपनीकडे. पावणेतीन लाख सात टक्क्यांनी ठेवीत ठेवले असते तर वर्षाला १९,२५० रुपये व्याज. दोन्ही मिळून ३८,७२०, म्हणजे सात रात्रींना रोजचे साडेपाच हजार. एवढ्यात गोव्यात बऱ्यापैकी हॉटेल सहज मिळतं, हवं तेव्हा, हव्या त्या गावी, आणि पंचवीस वर्षांनी मुद्दल बँकेत शाबूत. शिवाय त्यांच्या सात रात्रींत जेवण धरलेलं नाही. हॉलमध्ये देखभाल शुल्काचा उल्लेख झालाच नाही असं नाही; “सोसायटीचा मेंटेनन्स असतो तसं किरकोळ” असं म्हणून साताऱ्याचे भाऊ पुढच्या पानावर गेले.

या सगळ्यात सगळ्यांत चलाखीची गोष्ट म्हणजे पडताळणीचा फोन. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडतं. कार्ड घासून झाल्यावर टॅबवर ओटीपी टाकून करार ‘सही’ होतो. चाळीसेक पानं, बोटाने सरकवायची, समोरचा मार्क करतो तिथे टिचकी मारायची. मग सांगतात, मुख्य कार्यालयातून एक स्वागताचा फोन येईल, सगळ्याला फक्त “हो” म्हणा, मध्येच प्रश्न विचारलात तर यंत्रणा सवलत रद्द करते. फोन येतो, भराभर विचारतात. करार वाचून समजून घेतलाय ना? आरक्षण उपलब्धतेनुसार मिळेल हे मान्य आहे ना? देखभाल शुल्क दरवर्षी लागू आहे हे माहीत आहे ना? कराराबाहेरचं कुठलंही तोंडी आश्वासन तुम्हाला दिलेलं नाही ना? समोर तोच माणूस बसलेला असतो ज्याने पाच मिनिटांपूर्वी ती आश्वासनं दिली, आणि तो मान डोलावून “हो म्हणा” असं खुणावतो. ते रेकॉर्डिंग कंपनी जपून ठेवते. दोन तासांच्या गप्पांचं रेकॉर्डिंग मात्र कुणाकडेच नसतं.

ज्या कागदावर सगळी आकडेमोड झाली, तो कागदही उठताना हळूच काढून घेतात. सुदैवाने नवऱ्याने त्याच्या थोरल्या भावाला दाखवायला म्हणून त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यावर त्या माणसाच्या हस्ताक्षरात “मे, दिवाळी, ख्रिसमस — केव्हाही” असं लिहिलेलं आहे.

घरी येऊन मे महिन्याची खोली मागितली. नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात? प्रतीक्षा यादी. तेव्हा कळलं की गर्दीच्या आणि बिनगर्दीच्या हंगामांनुसार वर्षाचे रंग पाडलेले असतात आणि आमचा रंग सगळ्यांत खालचा, म्हणजे पावसाळा आणि मुलांच्या परीक्षांचे महिने. मी त्याच रिसॉर्टच्या त्याच तारखा एका बुकिंग साइटवर टाकून बघितल्या, खोल्या होत्या. त्याचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले. साताऱ्याच्या भावांचा नंबर बंद. कार्यालय म्हणालं, ते आता कंपनीत नाहीत.

रद्द करा म्हटल्यावर उत्तर आलं की करारानुसार मुदत दहा दिवसांची होती. हे दहा दिवस सहीच्या तारखेपासून मोजलेले, आणि छापील करार कुरियरने आमच्या घरी पोहोचला तो मुदत उलटल्यावर. युरोपीय संघात टाइमशेअरसाठी २०११ पासून वेगळा नियम आहे: सही केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि तोवर ग्राहकाकडून पैसेच घ्यायचे नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे मुदत कंपनी ठरवेल ती. बँकेकडे गेलो तर ओटीपी तुम्हीच दिलाय म्हणाले. हप्ते चालू.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने तिथे रेकॉर्डिंगचा हवाला दिला आणि विषय संपवला. मग जिल्हा ग्राहक आयोग. इथे काही गोष्टी माहीत असाव्यात. करारात “वाद फक्त अमुक शहरात, तोही लवादापुढे” असं छापलेलं असतं, ते वाचून बरेच जण तिथेच गळतात. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पक्कं केलंय. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, त्यामुळे “पुढच्या हंगामात नक्की देऊ” या गोड बोलण्यावर वर्षं घालवू नका.

आम्ही जोडलेले कागद: त्या आकडेमोडीच्या कागदाचा फोटो, बुकिंग साइटचे स्क्रीनशॉट, कुरियरच्या पाकिटावरची तारीख, आणि व्हॉट्सअॅपवरचं एक संभाषण. हॉटेल सोडायच्या आधी मी त्या साताऱ्याच्या भावांना सहज विचारलं होतं, “दिवाळीत मिळेल ना नक्की?” उत्तर होतं, “शंभर टक्के ताई.” तुम्ही अशा हॉलमध्ये अडकलाच असाल तर तोंडी ऐकलेला प्रत्येक शब्द त्याच दिवशी असा लेखी विचारून घ्या. त्याआधीचा सोपा उपाय म्हणजे करार आज मेल करा, वाचून उद्या सांगतो, असं म्हणायचं आणि उठायचं. आमच्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर मारवाडी जोडपं होतं, त्यांनी हेच केलं. मॅनेजरचं हसू तिथल्या तिथे गेलं आणि जेवणाचं कूपनही मिळालं नाही. जेवण स्वतःच्या पैशाने जेवले ते.

आयोगात कंपनीने लेखी म्हणणं दिलंय. त्यात हॉलमधल्या गप्पांबद्दल एक ओळ नाही, पडताळणीच्या फोनचा मजकूर मात्र शब्दन्‌शब्द. आमचं प्रत्युत्तर दाखल झालंय.

या गडबडीत आणखी एक धंदा कळला. तक्रार केल्यापासून अनोळखी नंबरांवरून फोन येतात. त्यांना आमचा सदस्य क्रमांक माहीत, भरलेली रक्कम माहीत. “मॅडम, तुमचं सदस्यत्व चार लाखांना घेणारी पार्टी आहे. फक्त ना-हरकत दाखला आणि जीएसटी मिळून अठ्ठावीस हजार आधी भरा, व्यवहार झाला की परत.” एकदा फसलेल्यांच्या याद्या अशा फिरत असतात. ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांचे पैसे यातच दुसऱ्यांदा गेले. त्यांना मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायला लावलं. परवा मला असाच फोन आला, तर म्हटलं, “ते अठ्ठावीस हजार चार लाखांतून वजा करा, उरलेले पाठवून द्या, मला चालेल.” समोरून फोन ठेवला. नंबर मी लिहून घेतलाय, तो आता १९३० वर कळवते.