एम्बामिंगच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

गेल्या मे महिन्यात माझे धाकटे काका पुण्यात खोलीवर एकटेच असताना गेले. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन यात आणखी एक रात्र गेली. त्यांचा मुलगा मस्कतहून यायचा होता आणि अग्नी कुडाळजवळच्या गावीच द्यायचा, असं घरात ठरलं. तोवर देह टिकावा म्हणून एम्बामिंग, म्हणजे रक्तवाहिन्यांतून औषध भरणं, करावं लागणार होतं.

शवागाराबाहेर एक जण आपणहून जवळ आला. "बॉडी खराब व्हायला लागलीय, साध्या औषधाने भागणार नाही. स्पेशल केमिकल मारतो, चार दिवस चेहरा ताजा राहील." पोटाच्या उजव्या बाजूला खाली पसरलेला हिरवट डाग मी पाहिला होता. घाबरून 22,000 रुपये रोख दिले. वीस मिनिटांत तो शिक्का मारलेला कागद घेऊन बाहेर आला. म्हणाला, "एका सुईत सगळ्या अंगात जातं."

फोंडा घाट उतरताना वास सुटला. घरी कपडे बदलायला घेतले, तर शवविच्छेदनाची शिवण सोडून मांडीत, काखेत कुठेही छेद नाही. तोंडावर फॉर्मॅलिन (देह टिकवायचं औषध) पुसलेलं आणि नाकात कापूस, एवढंच.

वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंनी नंतर समजावलं. एरवी मांडीतल्या किंवा मानेतल्या धमनीतून औषध सोडतात. मोठ्या माणसाला आठ-दहा लिटर सहज लागतं. शवविच्छेदनात मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात, म्हणून मान, काखा आणि मांड्या अशा दोन्ही बाजूंच्या सहा जागांतून वेगवेगळं भरावं लागतं. कुजायला सुरुवात झाली असेल तर औषध जास्त तीव्र हवं, आणि जिथे ते पोचत नाही तिथे सुईने थेट टोचावं लागतं. वीस मिनिटांत हे होणं शक्यच नाही. आणि इतकं करूनही कुजणं फक्त थोपतं. गेलेला चेहरा परत येत नाही. 'ताजा राहील' म्हणणारा तिथेच खोटं बोलत होता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. घरातल्या एकाने मन घट्ट करून आत उभं राहा. एम्बामिंगच्या दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहा. आमच्या कागदावर तो नव्हताच, आणि त्या वेळी तो पाहायचं कुणाला सुचलंही नाही.

त्या माणसाने खरं सांगितलं असतं तर आम्ही पुण्यातच अग्नी दिला असता. भाऊ विमानतळावरून थेट तिथे आला असता. गावी पोचल्यावर त्याला वडिलांचा चेहरा दाखवता आला नाही. तो चादरीवरूनच पाया पडला.