वोस्तोक अँफिबिया: नऊ महिने मनगटावर

भाचा रशियात काझानला एमबीबीएस करतोय. गेल्या ऑगस्टमध्ये सुट्टीवर आला तेव्हा चॉकलेटांच्या पिशवीतून त्याने हे घड्याळ काढलं. "मामा, तू पाण्यात जातोस ना, मग हे घे. आमच्याच भागात बनतं." त्याचा भाग म्हणजे तातारस्तान आणि गाव चिस्तोपोल, कामा नदीच्या काठावरचं, काझानपासून दीडशे किलोमीटरच्या आतलं.

त्याच्यासमोरच चावीचे आटे सोडवले आणि माझं तोंड उतरलं. चावी बाहेर येऊन चक्क लटपटायला लागली, पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी. दोनशे मीटर खोल जाणारं घड्याळ, आणि चावी खिळखिळी? त्याला काही बोललो नाही, पण मनातल्या मनात घड्याळ कपाटात ठेवून मोकळा झालो होतो.

नंतर वाचत गेलो तसं कळलं की चावी अशी मुद्दामच बनवलीय. स्क्रू घट्ट बसला की आतल्या दांड्याचा आणि चावीचा संबंधच तुटतो. बाहेरून चावीला दणका बसला तरी तो आतल्या यंत्रापर्यंत पोचत नाही. या घड्याळात पहिल्या नजरेला ढिसाळ वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टींमागे असंच काहीतरी कारण असतं.

कारखाना मूळचा चिस्तोपोलचा नव्हेच. १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोवर चालून आल्या तेव्हा तिथल्या दुसऱ्या घड्याळ कारखान्यातली यंत्रं आणि कामगार इकडे हलवले गेले. 'वोस्तोक', म्हणजे 'पूर्व', हे नाव कारखान्याला १९६९ मध्ये मिळालं. अँफिबिया त्याआधीची, १९६७ ची. सोव्हिएत लष्कराला पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांसाठी २०० मीटरचं घड्याळ हवं होतं. ते काम रचनाकार मिखाईल नोविकोव आणि वेरा बेलोवा यांच्याकडे आलं.

तेव्हाची रुळलेली पद्धत म्हणजे झाकण आवळून पातळ रबर दाबायचं आणि पाण्याची वाट बंद करायची. त्याला धातूकाम फार नेमकं लागतं. या दोघांनी पाणी अडवायचं काम पाण्यावरच सोपवलं. हे कसं, ते मी जानेवारीत प्रत्यक्ष बघितलं.

झालं असं की घड्याळ दिवसाला ३५ सेकंद पुढे जात होतं. कारखान्याने स्वतःच उणे २० ते अधिक ६० सेकंदांची मुभा सांगितलीय, त्यामुळे तक्रार नव्हती, खाज होती. आमच्या पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. काकांची हयात एचएमटी उघडण्यात गेलेली. मागची खाचांची कडी फिरवली तशी ती एकटीच सुटून हातात आली आणि झाकण जागच्या जागी राहिलं. काका दचकले. मग चिमट्याने झाकणाची चकती उचलली. खाली रुंद, चपटी, जाडजूड रबरी रिंग. काका म्हणाले, "अरे, हा तर आतल्या झाकणाचा कुकर!"

मला इतकं नेमकं कुणीच समजावलं नव्हतं. त्या कुकरात वाफ वाढते तसं झाकण कडेवर आतून जास्त घट्ट बसतं. इथे दिशा उलटी, तत्त्व तेच. खोल जाल तसं पाणी चकतीला रबरावर जास्त दाबतं. कडी वेगळी असल्याने आवळताना चकती फिरत नाही, म्हणून रबर पिळवटत नाही. काचही अ‍ॅक्रिलिकची, सुमारे ३ मिलिमीटर जाड. ती दाबाखाली किंचित लवते आणि कडेला आणखी घट्ट बसते. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे २०० मीटरवर तीन सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर सुमारे १४० किलोंचा भार. एवढ्या भाराला ताठ उभं राहण्यापेक्षा थोडं वाकलेलं बरं.

काकांनी वेग सुधारला. आता दिवसाला १०-१२ सेकंद पुढे. कडी मात्र त्यांनी पुरती आवळली नव्हती. घरी बादलीत बुडवण्याआधी सहज बोट फिरवलं म्हणून कळलं. तुम्हीही उघडाल तर बादलीच्या आधी बोट.

मी किती खोल गेलो? मालवणला आठ-नऊ मीटर, नेत्राणीला सतरा. म्हणजे या घड्याळासाठी आंघोळच. काचेआड बाष्पाचा थेंब एकदाही दिसला नाही. पण डायव्हसाठी एकट्या याच्यावर विसंबू नका. बेझल, म्हणजे काचेभोवतीचं बुडीची वेळ मोजायचं चक्र, दोन्ही दिशांना फिरतं, आणि त्याला टकटक खाचा नाहीत. सगळ्यात धोक्याची गोष्ट ती. जॅकेटची बाही घासून बेझल चुकीच्या बाजूला सरकलं तर बुडी मारून वीस मिनिटं झालेली असताना बाराच दिसतील, आणि आपण उरलेल्या हवेचा हिशेब चुकवू. एका दिशेलाच फिरणारं बेझल याचसाठी असतं. माझ्या दुसऱ्या हातावर खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर असतो, अँफिबिया सोबतीला.

तारीख बदलणं हा वेगळाच सोहळा. झटपट बदलायची सोय या यंत्रात नाही. काटे मध्यरात्रीपुढे न्यायचे, मग मागे आठच्या आसपास आणायचे, परत पुढे. फेब्रुवारी संपला की तीन फेऱ्या. यंत्र २४१६बी, ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, ३१ ज्वेल्सचं (घर्षण कमी करणारे खडे). काढून ठेवलं तर साधारण ३१ तास चालतं, म्हणून शनिवार-रविवार दुसरं घड्याळ घातलंत तर सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना हा सोहळा ठरलेला. बायको म्हणते, मी रशियन घड्याळाला लाडोबा करून ठेवलंय. खरंय.

काचेवर ओरखडे लवकर पडतात, हा अ‍ॅक्रिलिकचा स्वभाव. पांढरी टूथपेस्ट आणि बनियनचा जुना तुकडा, पाच मिनिटं गोल गोल. नव्यासारखी. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्यात बुडवून ठेवतो. चावी बंद आहे ना, हे आधी बघून. पोलादी पट्टा हातावरचे केस ओढायचा, तो काढून १८ मिलिमीटरचा नायलॉनचा टाकलाय.

भाचा जुलैत येतोय. त्याला दोन रबरी रिंगा आणि एक काच आणायला सांगितलीय. काकांनी स्वतःसाठीही एक घड्याळ मागवलंय. डायल निळीच हवी, असं दोनदा बजावलं.