चारही टोकं अगदी एका रेषेत

पूल-बिलियर्ड्स खेळायच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, विकणाऱ्याने पाठवलेल्या पहिल्याच फोटोवर मी भाळलो, हे आधीच कबूल करतो. काळपट शिसवी बट (क्यूचा मागचा जाड भाग), त्यातून फिक्या मेपलच्या लाकडात चढत गेलेली चार अणकुचीदार टोकं, प्रत्येक टोकाला रंगीत व्हिनीअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्यांची, बारीक किनार आणि मुठीला हिरवे ठिपके असलेला पांढरा लिननचा दोरा. खाली दोनच ओळी: '१९६० च्या दशकातला बालाबुश्का, टायटलिस्टच्या ब्लँकवर केलेला. आजोबांच्या कपाटात पडून होता.'

ही थाप पचते, कारण तिच्यात खरं पुष्कळ आहे. जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) रशियात जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि पुढे ब्रुकलिनमध्ये क्यू बनवू लागले. सुरुवातीच्या काळात ते ब्रन्सविक कंपनीचे एकसंध टायटलिस्ट क्यू कच्चा माल, म्हणजे ब्लँक, म्हणून घेत आणि त्यातून जॉइंट (मधला सांधा) असलेले दोन तुकड्यांचे क्यू तयार करत. इतर कारागीरही हे करायचे. म्हणजे 'टायटलिस्ट ब्लँक' म्हणणारा माणूस लगेच खोटा ठरत नाही, उलट अभ्यासू वाटतो. १९८६ च्या एका हॉलिवूडपटाने बालाबुश्का हे नाव घरोघरी पोचवलं, पण पडद्यावर दिसणारा क्यू जॉस कंपनीने त्या धाटणीचा बनवून दिलेला होता. ज्या नावाचा बोलबालाच नकलेने झाला, त्याच्या नकला निघणारच. हे सगळं मला पैसे पाठवण्याआधी ठाऊक होतं, हे जास्त लागतं.

मी प्रश्न विचारले नाहीत असं नाही. जॉइंटच्या पिनचा फोटो मागितला, तर संध्याकाळचा अंधुक फोटो आला. बटाखालचं रबर काढून आतला भाग दाखवा म्हटलं, तर 'इतकं जुनं रबर काढलं तर तुटेल.' दोन्ही भाग सपाट टेबलावर वेगवेगळे लोळवून व्हिडिओ पाठवा म्हटलं, तर आजारी आईचं कारण. आणि मधूनच, 'उद्या दुसरा एक गृहस्थ बघायला येतोय.' झालं. मी घाईघाईने पैसे पाठवले, तेही मित्राला पाठवतात तसे, कमिशन वाचेल म्हणून. त्या वाटेने गेलेल्या पैशांवर खरेदीचं संरक्षण नसतं, हे मला नंतर कळलं. सोबत एक 'मूल्यांकन प्रमाणपत्र' आलं होतं. त्यात विकायला ठेवलेल्या क्यूंच्या मागणीच्या किमती होत्या. प्रत्यक्षात विकला गेलेला एकही व्यवहार नव्हता. मागणी काय, कोणीही काहीही करू शकतो.

क्यू आला. देखणा होता, खोटं कशाला बोलू. दोन आठवडे मी लोकांना तो काढून काढून दाखवला. चारही टोकं किती अचूक एका रेषेत संपतात बघा, असं कौतुकाने सांगायचो.

मग टिप (पुढच्या टोकावरची चामड्याची चकती) बदलायला म्हणून एका दुरुस्ती करणाऱ्या जाणकारांकडे गेलो. त्यांनी टिप बाजूलाच ठेवली आणि भिंग काढलं. बराच वेळ एकाच टोकाकडे बघत होते. म्हणाले, "हे टोक बघा, सुईसारखं आहे का?"

नव्हतं. नुसत्या डोळ्यांना टोकदार दिसणारा तो शेंडा भिंगाखाली गोलसर होता. संगणकावर चालणाऱ्या यंत्राची फिरती पाती खोबण कोरते, तेव्हा कोपऱ्यात पातीच्या जाडीएवढा गोलवा राहतो. व्ही आकाराची खाच पाडून बसवलेलं लाकूड शेंड्याला धारदार मिटतं आणि व्हिनीअरही तिथे घडी घातल्यासारखे कोनात भेटतात. माझ्या क्यूवर ते वळणावर वाकून गेले होते. "आणि हाताने केलेल्या कामात चारही टोकं इतकी एका रेषेत क्वचितच येतात," असं म्हणून त्यांनी माझं कौतुकाचं वाक्य मलाच परत केलं. स्पिरिट लावलेला फडका त्यांनी शाफ्टवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागावर, हलकेच फिरवला. साठ वर्षांचा म्हणवणारा तांबूसपणा फडक्यावर उतरला. खऱ्या जुन्या शाफ्टला टिपेला लावायच्या खडूचा निळा रंग फेरूलजवळच्या (टिपेखालच्या पांढऱ्या कड्याजवळच्या) रंध्रांत मुरलेला असतो, पुढचा हात टेकतो तिथे लाकूड घासून गुळगुळीत झालेलं असतं. इथे मात्र वरपासून खालपर्यंत एकच छटा. बटावरच्या खोकांवरून तर जाड चकचकीत पॉलिश सलग गेलं होतं. खोक आधी, पॉलिश नंतर.

माझं तरीही चाललंच होतं, "कदाचित रिस्टोर केलं असेल." नव्याने पॉलिश केलेला जुना क्यू असतोच, आणि त्याची किंमत मूळ पॉलिशच्या क्यूपेक्षा साधारणतः कमीच लागते. शाफ्ट घासून घासून १३ मिमीचा १२ वर आणला असेल तर आणखी कमी, मूळ शाफ्टच हरवला असेल तर विचारूच नका. पण त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दोरा सोडू का?"

मी हो म्हणालो. दोरा वेटोळ्या-वेटोळ्याने सुटत गेला. टायटलिस्टमध्ये बटाचं गडद लाकूड आणि वरची टोकं एकाच तुकड्याची असतात. गडद जिभा मेपलमध्ये घुसतात आणि तशाच मेपलच्या जिभा दोन टोकांच्या मधून खाली गडद लाकडात उतरतात. एकमेकांत अडकवलेल्या बोटांसारखं. दोऱ्याखाली त्या फिक्या जिभा दिसायला हव्या होत्या. दिसली एक सरळ आडवी रेघ, वर मेपल, खाली काळं, आणि सांध्यातून बाहेर आलेल्या ताज्या डिंकाची एक पिवळी गाठ. त्यांनी ती नखाने टोकरली. काही बोलले नाहीत. टिप बसवून दिली, तिचेच पैसे घेतले.

विकणाऱ्याला लिहिलं तर दोन दिवस उत्तर नाही, मग खातंच गायब. तक्रार केली आहे, पण पैशांची आशा सोडली आहे. फेरूल हस्तिदंताचं असल्याचं त्याने मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, तेही साधं प्लॅस्टिक निघालं. ही एक फसवणूक मला मानवली. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदी ठरली, कागदपत्रांशिवाय खरं निघालं असतं तर वेगळीच कटकट झाली असती.

गेल्या महिन्यात तोच क्यू, तेच फोटो, नवं खातं. आता म्हणे काकांच्या पोटमाळ्यावर सापडला. मी दुसऱ्या नावाने विचारलं, दोऱ्याखालचा फोटो मिळेल का? पाच मिनिटांत उत्तर आलं: 'दोरा मूळचा आहे, काढला तर किंमत जाईल.'