नाव नसलेलं दुकान, आजीचं शास्त्र आणि उलटा नकाशा

ठाण्यातल्या या बाइंडिंगच्या दुकानाला पाचपैकी चार तारे. एक कापला तो उशिरासाठी. नकाशा उलटा लागला त्याचा राग नाही, ते पुढे येईलच.

दुकानाला नाव नाही. जांभळी नाक्याच्या बाजारामागच्या गल्लीत, मसाला दळणाऱ्या गिरणीला लागून अर्ध्या शटरचा गाळा आहे. वर लाल रंगात नुसतं ‘बुक बाइंडिंग’. शिंका यायला लागल्या की समजायचं, आलं दुकान. आत चाचा, हाताखाली एक पोरगा, लोखंडी शिकंजा आणि छताला टेकलेले ब्लॅक बुकचे गठ्ठे. इंजिनीअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टवर चाचांचं घर चालतं. काळं रेक्झिन, सोनेरी इंग्रजी अक्षरं, आज दिलं की उद्या तयार. जुनं पुस्तक मात्र ते आवडीने घेतात आणि आपल्या सवडीने देतात. हे आधी माहीत असलेलं बरं.

माझं काम जुनं होतं. आजीचं शास्त्र, म्हणजे बायबल. पुठ्ठा कधीच सुटला होता, उत्पत्तीची पहिली पानं रबरबँडने धरून ठेवलेली, आणि कणा उघडला की वाळलेल्या सरसाची पूड मांडीवर सांडायची. आजी शेवगाव तालुक्यातली. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, पण शिसपेन्सिल कायम कानामागे. दिवेलागणीला घरात प्रार्थना व्हायची तेव्हा तिचा एक नियम होता : आधी उपकार, मग मागणं. तीन गोष्टींबद्दल देवाचे आभार मानल्याशिवाय काही मागायचं नाही. आम्ही पोरं घाईघाईत “डाळ, भात, आई” म्हणून मोकळी व्हायचो आणि लगेच सायकल मागायचो. आजी म्हणायची, कालचीच डाळ आज परत चालणार नाही.

चाचांनी पुस्तक हातात घेतलं, उघडायच्या आधी नुसतं तोललं, मग कण्यावरून अंगठा फिरवला. “जुजबंदी आहे, ताई. आतून शिवलंय. हल्लीचं असतं तर पानं केव्हाच उडाली असती.” जुज म्हणजे घडी घातलेल्या पानांचा एक गट. असे गट दोऱ्याने शिवत जायचं. दोरा कुजला होता, कागद धड होता. मला वाटत होतं फेव्हिकॉल लावून देतील. त्यांनी सगळं उसवून नव्याने शिवायचं ठरवलं. शास्त्राचा कागद पातळ, खळ जास्त झाली की अक्षरं पलीकडे उमटतात, म्हणून फाटलेल्या घड्यांना आतून झिरझिरीत कागदाच्या पट्ट्या लावायच्या. खळ मैद्याची, तीत मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. हे सगळं त्यांनी मला न विचारता सांगितलं, डॉक्टर ऑपरेशनच्या आधी सांगतात तसं.

मग म्हणाले, “तिन्ही बाजूंनी जरा कापावं लागेल मशीनवर. कडा एकसारख्या होतील.”

माझ्या पोटात गोळा आला. मी त्यांना स्तोत्र १३६ काढून दाखवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हेच येतं. आजीने प्रत्येक वचनासमोर, अगदी कडेला, स्वतःचा एकेक उपकार लिहून ठेवलाय. साल एकदाच लिहिलंय, वर, १९७२. म्हणजे दुष्काळ. आजोबा खडी फोडायला जात होते. देवाने पाण्यावर पृथ्वी पसरली त्या वचनासमोर आजीचं ‘विहिरीत चौदा फुटांवर ओल’. तो सर्व प्राण्यांना अन्न देतो, २५वं वचन, तिथे ‘मिलो’. रेशनवर परदेशी लाल ज्वारी मिळायची ती. वडील सांगायचे, भाकरी थापताना फाटायची आणि घशाखाली उतरायची नाही. आजीने तिच्याही नावाने उपकार लिहिलेत. देवाने बाशानचा राजा ओग याला मारलं, त्याच्यासमोर आजीने लिहिलंय ‘सासूबाई’. आता यात उपकार नेमका कसला, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारलेलं नाही. २३व्या वचनासमोर, आमच्या दीन अवस्थेत त्याने आमची आठवण केली असं जिथे आहे, तिथे शब्द नाही. नुसती एक उभी रेघ.

याच शास्त्रातल्या हबक्कूकच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात संदेष्टा म्हणतो, अंजिराला फूल आलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या गोठ्यासमोर आजीचं ‘आमचा पण’. एवढंच.

चाचांनी चष्मा लावून सगळं पाहिलं. “मग नाही कापायचं. पण कडा वरखाली राहतील. नंतर बोलायचं नाही.”

पावती नाही. ३०० रुपये ॲडव्हान्स घेतला आणि शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं, ‘कळवा बायबल’. ठाण्याहून कळवा एकच स्टेशन, पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मला चार वेळा वाटलं की परत जावं आणि पुस्तक उचलून आणावं. श्रीरामपूरच्या आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, “देवाच्या हाती दे गं.” म्हटलं, दिलंय, पण सध्या ते जांभळी नाक्यावर आहे.

‘देवावर सोड’ असं म्हणणाऱ्यांवर मी पटकन चिडते. मार्चमध्ये नवऱ्याची रबाळेची कंपनी बंद झाली तेव्हापासून हे वाक्य इतक्या जणांनी ऐकवलंय की विचारू नका. मी सोडते, आणि पाच मिनिटांनी परत उचलून बघते. प्रार्थनेतही मार्चपासून नुसतं मागणंच चालू होतं. नोकरी, फी, हप्ता, आमेन. आजीचा नियम कधी मोडला ते कळलंही नाही.

दहा दिवस सांगितले होते. लागले साडेपाच आठवडे. जून संपता संपता दिलं, मिळालं ऑगस्टमध्ये. दर वेळी फोनवर एकच उत्तर : “पाऊस आहे, खळ वाळत नाही. घाई केली तर आत बुरशी धरेल.” खरं असेल, नव्हे खरंच आहे, पण ठाण्यात जुलैमध्ये पाऊस पडतो ही काही बातमी नाही. तेव्हाच दीड महिना सांगायचा. तारा कापला तो इथे.

तेवढे दिवस घरची प्रार्थना मोबाइलवरच्या शास्त्रातून चालली. एका संध्याकाळी १३६ आलं. मुलगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “आई, हे कॉपी-पेस्ट झालंय.” तिने आजीचं पान नीट पाहिलेलंच नव्हतं. मग मी आठवेल तसं सांगितलं, कुठल्या वचनाला ओल, कुठे मिलो. तिला मजा वाटली. म्हणाली, आपण पण करू. सातव्या वचनापर्यंत पोचलो असू, नवरा म्हणाला, “पाच महिने पगार नाही. सव्वीस कुठून आणू?” आणि उठून गॅलरीत गेला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुकरची शिट्टी झाली, तेवढीच.

पुस्तक आणायला गेले तेव्हा ते वरच्या फळीवर, धुतलेल्या पंचात गुंडाळून ठेवलेलं होतं, ब्लॅक बुकच्या गठ्ठ्यांपासून लांब. चाचांनी विचारलं, याचं मराठी कुणी केलं? म्हटलं, आमचं हे बायबल सोसायटीचं आहे, पण एक भाषांतर पंडिता रमाबाईंनी केलंय. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, जुळवून ते छापलं. काम हातावेगळं झालं आणि एप्रिल १९२२ मध्ये बाई गेल्या. चाचा बाकी सगळं सोडून खिळ्यांवर अडकले. “खिळे उलटे वाचावे लागतात, ताई. सोपं नाही ते. बायकांनी केलं?” पोरग्याला हाक मारून त्यालाही सांगितलं.

काम कसं आहे? शिलाई पक्की. कुठलंही पान उघडलं तरी पुस्तक सपाट पडतं, आपोआप मिटत नाही. कडा वरखाली आहेत, सांगितल्याप्रमाणे. पेन्सिलचं एकही अक्षर गेलेलं नाही, मी तिथेच उभी राहून सव्वीसच्या सव्वीस तपासले आणि चाचा गप्प बसून राहिले. कण्यावर सोनेरी ‘पवित्र शास्त्र’ हवं होतं, पण त्यांच्याकडे मराठी टाइप नाही, ब्लॉक वेगळा बनवावा लागला असता, म्हणून कोरंच ठेवलं. त्यामुळे शेजारच्या मुलाने आल्या आल्या विचारलं, “काकू, कुणाचा प्रोजेक्ट?”

आणि शेवटचा नकाशा, प्रेषित पौलाचे प्रवास, उलटा शिवला गेलाय. घरी आल्यावर कळलं. फोन केला तर चाचा खरंच ओशाळले. आणा, उसवून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. परत दीड महिना कोण थांबणार.

त्या रात्री नवऱ्याने पुस्तक मागून घेतलं. बराच वेळ १३६ उघडून बसला होता. मी भांडी घासत होते तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला, मार्चनंतर पहिल्यांदा. ‘सासूबाई’ला पोचला होता. नोकरीचं अजून कुठे जमलेलं नाही.

एकूण खर्च ७५०. एवढ्यात नवं मिळालं असतं, हे मला तिघांनी सांगून झालंय. ऑनलाइन पैसे घेतात, क्यूआर आहे. शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद. पावसाळ्यात शक्यतो देऊ नका, द्यायचंच असेल तर सांगतील त्याच्या चौपट दिवस धरा. देण्याआधी महत्त्वाच्या पानांचे फोटो काढून ठेवा. मी काढले नव्हते. नकाशे असतील तर वरची बाजू कुठली ते पेन्सिलने लिहून द्या.