एक पोपट, दोन कॉम्प्युटर: स्पेक्ट्रम घ्यावा की कमोडोर ६४?

जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या चित्रांकडे पुन्हा वळायचं, तर आधी यंत्र ठरवावं लागतं. झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४, दोन्ही १९८२ची. भारतात १९८६मध्ये स्पेक्ट्रमची इथली आवृत्ती, डीबी स्पेक्ट्रम, आली. माझ्या माळ्यावर निघाली ती त्याचीच, चित्र साठवलेली कॅसेट.

टेप सुरू केली आणि मी शाळेत असताना काढलेला पोपट टीव्हीवर उतरू लागला. आधी वरचा तिसरा हिस्सा, मग मधला, मग खालचा. ओळी सोडत सोडत, नुसता काळा-पांढरा. पाऊण मिनिट होत आलं आणि अगदी शेवटच्या चारेक सेकंदांत हिरवा, लाल भरत गेला. डोळ्यांत पाणी आलं.

चोचीची कड मात्र डोक्यापाशी सरळ उभी कापल्यासारखी. कारण स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा असला, तरी ८ बाय ८च्या प्रत्येक चौकटीत रंग दोनच बसतात. काळी पार्श्वभूमी, हिरवं डोकं, लाल चोच म्हणजे तीन झाले. त्यामुळे चोच चौकटीच्या कडेवरच सुरू करावी लागली होती. शिवाय एका चौकटीतले दोन्ही रंग एकतर भडक, नाहीतर दोन्ही साधे.

तोच पोपट परवा कमोडोरच्या बहुरंगी पद्धतीत काढून पाहिला. इथे चौकटीत चार रंग चालतात, त्यातला पार्श्वभूमीचा एक साऱ्या चित्राला सामाईक. चोच हवी तिथे वळली. पण आडवे ठिपके १६०च, प्रत्येक ठिपका दुप्पट रुंद, त्यामुळे डोळ्याभोवतीचं बारीक कडं जाड झालं. कमोडोरचे १६ रंग मात्र मवाळ आहेत. त्यात एक तपकिरी, एक नारिंगी आणि तीन करडे; तपकिरी, नारिंगी तर स्पेक्ट्रमकडे नाहीतच.

चेहरे, माती, संध्याकाळ रंगवायची असेल तर कमोडोर घ्या. रेषेवर प्रेम असेल, ठिपक्यांची रांगोळी मोजून काढायची सवय असेल, तर स्पेक्ट्रम. नवशिक्याला मी स्पेक्ट्रमच सांगेन, कारण कुठला रंग कुठे संपवायचा हे तो पहिल्याच चित्रात शिकवतो.

यंत्र विकत घ्यायची घाई नको. आजच्या कॉम्प्युटरवर चालणारं मल्टिपेंट हे मोफत सॉफ्टवेअर दोन्हींचे नियम पाळतं. एकच छोटं चित्र दोन्हीकडे काढा, आणि सुरुवात चोचीपासून करा.