दस्त्यात मावणारी रायफल : हेन्री एआर-७, चार हंगामांनंतर

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या सॉटूथ पर्वतरांगेत पाठीवर सॅक घेऊन चार-पाच दिवस चालायचे म्हटले, की प्रत्येक वस्तू हातात तोलून मगच आत ठेवावी लागते. तंबू, झोपण्याची पिशवी, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर आणि शिधा भरून झाल्यावर जी जागा उरते, तिच्यात मावेल आणि खांद्याला फारशी जाणवणार नाही अशीच बंदूक डोंगरात खरोखर सोबत येते. बाकीच्या कितीही चांगल्या असल्या तरी घरी कपाटातच राहतात. हेन्री रिपीटिंग आर्म्स या कंपनीची एआर-७ ही .२२ (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल मी गेले चार हंगाम वापरत आहे आणि तिच्याविषयीचे माझे मत मुख्यतः याच एका गोष्टीवर बनले आहे.

या रायफलीचे मूळ लष्करी आहे. दुर्गम प्रदेशात विमान पडले तर वैमानिकाला पोट भरण्यापुरती शिकार करता यावी, म्हणून अमेरिकेच्या हवाई दलाकडे दुसऱ्या महायुद्धानंतर एम-४ आणि एम-६ या घडीच्या बंदुका होत्या. पुढे १९५०च्या दशकात आर्मलाइट कंपनीने त्यांच्या जागी .२२ हॉर्नेट काडतुसाची एआर-५ तयार केली. हवाई दलाने ती स्वीकारली खरी, पण आधीच्या बंदुकांचा साठा भरपूर असल्याने मोठी मागणी कधी आलीच नाही. तेव्हा आर्मलाइटचे रचनाकार यूजीन स्टोनर यांनी त्याच कल्पनेवर सामान्य ग्राहकांसाठी .२२ लाँग रायफल काडतुसाची अर्धस्वयंचलित (दर वेळी चाप दाबला, की एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणारी) एआर-७ रचली आणि ती १९५९मध्ये बाजारात आली. त्यानंतर तिचे उत्पादन अनेक हातांतून गेले आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते हेन्रीकडे आहे.

तिची सारी खुबी दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागात, आहे. हा दस्ता एबीएस प्लास्टिकचा आणि आतून पोकळ असून मागचे झाकण काढले, की नळी, रिसीव्हर (चाप असलेला मधला भाग) आणि मॅगझिने (काडतुसे भरायच्या डब्या) यांच्यासाठी बरोबर मापाचे कप्पे दिसतात. सगळे आत ठेवून झाकण लावले, की जेमतेम ४२ सेंटिमीटर लांबीचे एक जाडसर पुडके उरते. वजन सुमारे १.६ किलो, जोडल्यावरची लांबी ८९ सेंटिमीटर. माझ्या सॅकमध्ये ते उभे, पाठीच्या बाजूला, पाण्याच्या पिशवीशेजारी बसते आणि बाहेरून पाहणाऱ्याला आत बंदूक आहे याची शंकाही येत नाही. गर्दीच्या पायवाटेवर इतर चालणाऱ्यांना आपल्यामुळे अवघडल्यासारखे होऊ नये, असे मला मनापासून वाटते, म्हणून हा गुण मी मोठा मानते.

जोडायला कोणतेही हत्यार लागत नाही. रिसीव्हर दस्त्याच्या पुढच्या खाचेत बसवून मुठीच्या तळाशी असलेला मोठा स्क्रू बोटांनी आवळायचा, नळीची खूण रिसीव्हरच्या खाचेशी जुळवून ती आत सरकवायची, तिच्यावरची आट्यांची रिंग फिरवून घट्ट करायची आणि मॅगझिन लावायचे. सवय झाल्यावर मिनिटभरात काम होते. मात्र ही रिंग हाताने जेवढी घट्ट होईल तेवढी करून, दोन-तीन गोळ्या झाडल्यावर पुन्हा एकदा तपासलीच पाहिजे. पहिल्या हंगामात मी हे केले नाही. एका सकाळी वीस पावलांवरून निवांत नेम धरूनही गोळी सलग तीनदा डावीकडे गेली आणि नळीला हात लावला तेव्हा ती किंचित हलत होती. चूक माझीच होती. तेव्हापासून रिंग दाबून पाहिल्याशिवाय मी पुढची गोळी भरत नाही. कडाक्याच्या थंडीत बोल्टची (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाची) छोटी मूठ बाहेर ओढणेही कठीण जाते. ती मूठ घडी करताना आत दाबून ठेवावी लागते आणि वापरताना नखाने बाहेर काढावी लागते. जाड हातमोजे घातले असतील तर ते उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.

मी मूळची कोल्हापूरची. महाविद्यालयात एन.सी.सी.मध्ये असताना पालथे पडून .२२ रायफलीने पंचवीस यार्डांवर पहिला नेम धरला होता, आणि ज्या .२२ काडतुसावर ती शिस्त शिकले तेच इथे डोंगरात माझ्या खिशात असते. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेही याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. त्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. एआर-७कडून तसली अपेक्षा कोणी करू नये. तिची नळी म्हणजे प्लास्टिकच्या आवरणातली पोलादी नलिका आहे, पुढे हाताला आधार देणारे लाकूड नाही आणि दस्ता इतका जाड आहे, की गाल नेहमीच्या जागी टेकत नाही. नेमासाठी पुढे नारिंगी पाते आणि मागे गोल छिद्राची पट्टी आहे. पट्टी उलटवली, की लहानाचे मोठे छिद्र मिळते. मी संधिप्रकाशासाठी मोठेच ठेवते. सॅकवर टेकवून पंचवीस यार्डांवर माझ्या पाच गोळ्या साधारण दीड-दोन इंचांत बसतात. ससा किंवा झाडाच्या फांदीवर बसलेला ग्राउस (तित्तरासारखा रानपक्षी) टिपायला एवढे पुरते, आणि त्याहून लांबच्या प्राण्यावर मी गोळी झाडत नाही. जखमी होऊन झुडपात शिरलेला प्राणी हाती न लागणे ही मला शिकारीतली सर्वांत वाईट गोष्ट वाटते.

काडतुसांच्या बाबतीत ही रायफल चोखंदळ आहे आणि विकत घेणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे. गोल नाकाची, ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीची, वेगवान काडतुसे तिला मानवतात. सपाट नाकाची किंवा मंद काडतुसे मॅगझिनमधून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) चढताना अडू शकतात. एकदा मी स्वस्त मिळाली म्हणून सपाट नाकाची काडतुसे नेली आणि अख्खी संध्याकाळ अडकलेली काडतुसे उपसण्यात घालवली. आता नवी पेटी आणली, की निदान पन्नास गोळ्या मैदानावर झाडून पाहिल्यावरच ती सॅकमध्ये जाते. आठ-आठ गोळ्यांची दोन मॅगझिने रायफलीबरोबर मिळतात. तिसरे वेगळे घेतले तर तेही दस्त्यात मावते. पन्नास काडतुसांचे वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. छऱ्यांच्या बारा बोअर बंदुकीची पन्नास काडतुसे पाठीवर घेऊन घाट चढण्याची कल्पना केली, की .२२चे महत्त्व आपोआप कळते.

तुलनेसाठी एका मैत्रिणीची रुगर १०/२२ टेकडाउन मी अनेकदा वापरली आहे. मूळ १०/२२ ही १९६४ची, तर तिची दोन भागांत सुटणारी आवृत्ती २०१२ची. बोल्ट मागे अडकवून कळ दाबायची, नळी पिळायची आणि भाग सुटे करायचे. नेम धरायच्या दोन्ही साइट नळीवरच असल्यामुळे पुन्हा जोडल्यावर नेम जागच्या जागी राहतो. दहा गोळ्यांचे फिरते मॅगझिन, खांद्याला नीट टेकणारा दस्ता, मनासारखा चाप, अशी प्रत्येक बाबतीत ती अधिक चांगली रायफल आहे आणि हे मी हातचे न राखता सांगते. पण तिचे वजन २.१ किलोच्या घरात जाते, तिला स्वतःची पिशवी लागते आणि किंमतही बरीच जास्त पडते. गाडीतून किंवा होडीतून जाणाऱ्याने निःसंशय रुगर घ्यावी. दहा हजार फुटांच्या आसपासची शिखरे असलेल्या मुलखात पायी फिरणाऱ्याला मात्र जास्तीचा अर्धा किलो तिसऱ्या दिवशी नक्की जाणवतो. एआर-७ साधारण तीनशे ते चारशे डॉलरांत मिळते.

‘सर्व्हायव्हल’ या शब्दाने कोणी भुलू नये. वाट चुकलेल्या माणसाला भुकेच्या आधी थंडी आणि तहान गाठते. म्हणून माझ्या सॅकमध्ये काडेपेटी, ताडपत्री आणि शिट्टी यांचा मान रायफलीच्या आधीचा आहे. सशाच्या मांसात चरबी नसल्यासारखीच असते, आणि दिवसचे दिवस केवळ तेच खाऊन राहिले तर पोट भरूनही शरीर खंगत जाते, हे उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अस्वलासाठी तर ही बंदूक नाहीच. त्यासाठी मी पट्ट्याला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा लावते. आणि गोळी लहान असली तरी ती सुमारे दीड किलोमीटर लांब जाऊ शकते, त्यामुळे मागे मातीचा उतार दिसल्याखेरीज चापाला बोट लावायचे नाही.

कायद्याचे भान आपल्या माणसांनी विशेष ठेवावे. ग्रीन कार्ड असलेल्यांना इथे रायफल विकत घेता येते. पण एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा तिच्यातला नेहमीचा अपवाद आहे. दुकानात जाण्यापूर्वी हे तपासावे, मित्राची रायफल हातात घेण्यापूर्वीही तपासावे. राष्ट्रीय वनांत तळ, घर किंवा शिबिराच्या जागेपासून दीडशे यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. हीच हौस सह्याद्रीत भागवण्याचा विचार मात्र कोणी मनातही आणू नये: भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरण्यासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते.

देखभालीचे एकच सांगते. जुन्या जाहिरातींत ही रायफल पाण्यावर तरंगते असे असायचे, पण झाकणाच्या फटीतून ओल आत जाणारच असे धरून चालावे. पावसात किंवा ओढ्यात भिजली असेल तर झाडण्यापूर्वी मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची खात्री करून, नळी खाली झुकवून आतले पाणी पूर्ण निथळू द्यावे. घरी आल्यावर मी सगळे भाग कोरड्या फडक्याने पुसते, बोल्टला तेलाचा एक थेंब देते आणि दस्त्याचे झाकण रात्रभर उघडे ठेवून सकाळीच नळी पुन्हा आत सरकवते.